पितळी स्क्रूचा इतिहास : ठाणे-कल्याणच्या जुन्या मोटारसायकली आणि पीयूसी

#थ्रेड

कार्ब्युरेटरच्या बगलेला एक लहानसा पितळी स्क्रू असतो. गॅरेजमध्ये कुणी त्याला ‘एअर स्क्रू’ म्हणतो, कुणी नुसते ‘मिक्स्चर’. हा स्क्रू अर्धा आटा आत आहे की बाहेर, एवढ्यावर ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील असंख्य जुन्या मोटारसायकलींचे कायदेशीर अस्तित्व गेली पस्तीस वर्षे अवलंबून राहिले आहे.

वाहनांच्या धुराचा भारतीय इतिहास सहसा दिल्लीतील निकालांतून सांगितला जातो. तोच इतिहास या स्क्रूच्या बाजूने वाचला, तर एक विलक्षण गोष्ट हाती लागते. पहिली पंधरा वर्षे सरकारी चाचणी जुन्या टू-स्ट्रोक गाडीला तिच्या मुख्य अपराधाविषयी प्रश्नच विचारत नव्हती.

गोष्ट सुरू होते १९८०च्या दशकात. परदेशी सहकार्याची दारे किलकिली झाली आणि चार जपानी नावे अगदी थोड्या अंतराने भारतात आली : १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १००, त्याच वर्षी एस्कॉर्ट्सची यामाहा आरएक्स १००, आणि १९८६ मध्ये कावासाकी बजाज केबी १००. यांपैकी सीडी १०० तेवढी फोर-स्ट्रोक. बाकी तिन्ही टू-स्ट्रोक. त्याआधीच्या राजदूत, येझदी, बुलेट आणि बजाज चेतक रस्त्यावर होत्याच. यंत्ररचना निरनिराळी असली, तरी या सगळ्यांत एक वस्तू समान होती : कार्ब्युरेटर.

याच काळात मुंबईचे पोट फुगून मध्य रेल्वेच्या मार्गाने पूर्वेकडे सरकत होते. ठाण्यापर्यंत रेल्वे आली १८५३ मध्ये, कल्याणला १८५४ मध्ये; पण गिरगाव-दादरच्या चाळींतून उठून डोंबिवलीच्या इमारतींत राहायला येणारा मध्यमवर्ग ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील घटना. ठाणे महानगरपालिका स्थापन झाली १९८२ मध्ये आणि कल्याणची १९८३ मध्ये. नोकरी मुंबईत, घर येथे, आणि दोहोंमध्ये लोकल. मोटारसायकलीच्या वाट्याला आला तो फक्त घर ते स्टेशन हा दोन-तीन किलोमीटरचा तुकडा. ही क्षुल्लक वाटणारी भौगोलिक बाब ध्यानात ठेवावी. तिने या गाड्यांचे काय केले, ते पुढे येईल.

मोटार आणि स्कूटर या पट्ट्याला परक्या नव्हत्या. ठाण्याच्या उंबरठ्यावर, भांडुपला, ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात लॅम्ब्रेटा स्कूटर तयार होत असे. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. १९९०च्या दशकात प्यूजो ३०९ ही मोटार तेथूनच निघाली. ठाण्याची वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. या कारखान्यांतल्या कामगारांकडेही अर्थातच दुचाक्या होत्या.

आता थोडे त्या यंत्राविषयी. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारे भांडे. इंजिन हवा ओढते, हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथे दाब उतरतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रातून वर खेचले जाते. या छिद्राला जेट म्हणतात. त्यात विजेचा, संगणकाचा काहीही संबंध नाही. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली, की पेट्रोलमधील कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. हवा फार झाली, की ठिणगी पडूनही मिश्रण नीट पेटत नाही आणि कच्चे पेट्रोल तसेच सायलेन्सरमधून बाहेर जाते, हेच हायड्रोकार्बन.

कार्ब्युरेटरमध्ये जेट एक नसतो. गाडी पळते तेव्हा मेन जेट आणि त्यातली सुई काम करते. गाडी उभी असताना, थ्रॉटल पूर्ण सोडलेला असताना, पेट्रोल येते ते वेगळ्या, केसाएवढ्या बारीक पायलट जेटमधून. आणि या पायलटच्या मिश्रणात हवा किती, हे ठरवतो तो पितळी स्क्रू.

पीयूसीची चाचणी गाडी उभी असतानाच होते. म्हणजे तपासणी होते ती सबंध कार्ब्युरेटरची नव्हे, तर त्याच्या सर्वांत लहान छिद्राची. गाडी चाळीसच्या वेगाने चढ चढताना काय ओकते, हे या चाचणीला कधीच कळत नाही.

अशी चाचणी का निवडली गेली, याचे उत्तर भारताबाहेर आहे. मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन लॉस एंजेलिसचे धुरके तयार होते, हे १९५०च्या दशकात आरी हागन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले. अमेरिकेत १९७० साली कडक कायदा झाला. कारखान्यातून निघणाऱ्या नव्या गाडीची चाचणी रोलरवर चालवून, किलोमीटरमागे किती ग्रॅम विष निघाले हे मोजून घेता येते. पण रस्त्यावरच्या लाखो जुन्या गाड्यांना असे रोलर पुरवणार कोण? त्यावर स्वस्त तोड निघाली. गाडी उभी करा, इंजिन चालू ठेवा, सायलेन्सरमध्ये नळी घाला आणि धुरातील वायूचे शेकडा प्रमाण वाचा. उपकरण एका टेबलावर मावते. हाच नमुना पुढे जगभर पसरला.

भारतात वायुप्रदूषणाचा कायदा १९८१ चा. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९३९ चा जुना मोटार कायदा जाऊन १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि त्याबरोबर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातील नियम ११५ हे या कहाणीचे मुख्य पात्र. पेट्रोलवर चालणाऱ्या दुचाकी-तीनचाकीच्या धुरात, इंजिन मंद चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांहून अधिक नसावा. चारचाकीसाठी ३ टक्के.

४.५ टक्के हा आकडा उदार होता. मिश्रणाच्या भाषेत सांगायचे तर सुमारे तेरा भाग हवेला एक भाग पेट्रोल. म्हणजे ज्या प्रमाणावर कार्ब्युरेटरचे इंजिन सुखाने, न अडखळता मंद चालते, जवळजवळ तेच. नियम करणाऱ्यांनी गाडीकडून नवे काहीच मागितले नव्हते. गाडी जशी असायला हवी तशी ठेवा, एवढेच म्हटले होते. तरीही हा वायू किती घातक, ते समजून घ्यावे : बंद खोलीतील हवेत त्याचे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास गेले, तर माणूस काही मिनिटांत मरतो. उत्तीर्ण झालेल्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाशी त्याच्या तिप्पट-चौपट प्रमाण कायद्याने मान्य होते.

आणि येथेच ती पहिली पळवाट राहून गेली. १९८९ च्या नियमाने पेट्रोल गाडीकडून एकाच वायूचा हिशेब मागितला. हायड्रोकार्बनचे नावही त्यात नव्हते.

टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्यांतून ताजे मिश्रण आत शिरते आणि त्याच क्षणी जळालेला वायू समोरच्या खिडकीतून बाहेर पडतो. दोन्ही खिडक्या काही काळ एकदमच उघड्या राहतात. त्यामुळे आत आलेल्या मिश्रणाचा मोठा हिस्सा न जळताच थेट सायलेन्सरमध्ये पळून जातो. शिवाय वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच जाळावे लागते. आरएक्स १०० मध्ये त्यासाठी स्वतंत्र तेलपंप होता, चेतकमध्ये मात्र पेट्रोलच्या टाकीतच तेल मिसळत. तो निळा धूर, तो वास, ती मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांची आग, हे सगळे न जळालेले पेट्रोल आणि अर्धवट जळालेले तेल होते. या इंजिनाचा मुख्य दोष हायड्रोकार्बन. आणि १९८९ ते २००४ पर्यंत चाचणीने त्याच्याविषयी चकार शब्द काढला नाही. निळ्या धुराचा लोट सोडणारी गाडी कार्बन मोनॉक्साइडच्या आकड्यावर निमूटपणे उत्तीर्ण होई. प्रमाणपत्र हा फार्स आहे अशी जी लोकभावना त्या काळात रुजली, तिच्या मुळाशी केवळ भ्रष्टाचार नव्हता. नियमानेच प्रश्न अर्धा विचारला होता.

मधल्या काळात नव्या गाड्यांचे नियम मात्र झपाट्याने बदलत गेले. १९९१ मध्ये नव्या दुचाकीला किलोमीटरमागे १२ ते ३० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइडची मुभा होती. १९९६ मध्ये ती ४.५ ग्रॅमवर आली, १ एप्रिल २००० रोजी २ ग्रॅमवर, २००५ मध्ये १.५ वर आणि २०१० च्या बीएस-३ मध्ये १ ग्रॅमवर. यातील १९९६ ची पायरी फार मोठी होती. आरएक्स १०० चे उत्पादन त्याच वर्षी थांबले, म्हैसूरची येझदीही त्याच वर्षी बंद झाली. येझदीच्या बाबतीत कारखान्याच्या इतर अडचणीही होत्या. चेतक त्यानंतरही काही वर्षे तग धरून होती.

दुसरीकडे पेट्रोलमधून शिसे जात होते. १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर, शिसेविरहित पेट्रोल आले. मुंबईत धुराने त्रस्त झालेल्या रहिवाशांच्या मंचाने १९९९ मध्ये उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यातून परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने २००० मध्ये अहवाल दिला. न्यायालयाच्या आदेशांचा रोख प्रामुख्याने मुंबईच्या टॅक्सींवर राहिला. खाडीपलीकडच्या खासगी मोटारसायकली त्या वादळातून बचावल्या.

खरा बदल झाला १ ऑक्टोबर २००४ रोजी. नियम ११५ मध्ये दुसरा वायू दाखल झाला. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम (दशलक्षातले भाग) अशी मर्यादा ठरली. त्यानंतर बनलेल्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के; हायड्रोकार्बन टू-स्ट्रोकसाठी ६०००, फोर-स्ट्रोकसाठी ४५०० पीपीएम.

या तक्त्यातील एक तत्त्व महत्त्वाचे आहे. गाडीचा न्याय तिच्या जन्मवर्षाच्या कायद्याने होतो. १९८८ च्या मोटारसायकलीकडून २०१० च्या मोटारसायकलीची अपेक्षा कुणी करत नाही. म्हणून केंद्रावर उत्पादनाचे वर्ष बिनचूक नोंदवले गेले पाहिजे. २००० च्या आधीच्या गाडीचे वर्ष चुकून नंतरचे पडले, तर निर्दोष गाडीही नापास होते.

आता त्या स्क्रूकडे परत जाऊ. २००४ पर्यंत मेकॅनिकचे काम सोपे होते. कार्बन मोनॉक्साइड जास्त दिसला, तर हवा वाढवा, आकडा उतरतो. कोणत्या दिशेने फिरवल्यावर हवा वाढते, हे मात्र कार्ब्युरेटरवर अवलंबून. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो हवा नियंत्रित करतो आणि बाहेर काढल्यावर मिश्रण पातळ होते. इंजिनाच्या बाजूला असेल, तर तो तयार मिश्रण सोडतो आणि बाहेर काढल्यावर उलट ते दाट होते. हा फरक न जाणता केलेली ‘सेटिंग’ गाडीला आणखी खोल खड्ड्यात नेते, हे जुने कारागीर नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

२००४ नंतर स्क्रूच्या दोन्ही बाजूंना भिंती उभ्या राहिल्या. मिश्रण दाट ठेवले, तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो. फार पातळ केले, तर ठिणगी हुकू लागते आणि हायड्रोकार्बन एकदम उसळतो. निरोगी इंजिनात या दोन भिंतींमध्ये ऐसपैस जागा असते. झिजलेल्या इंजिनात ती आक्रसत जाते. कधी कधी उरतच नाही, स्क्रू कुठेही ठेवला तरी दोहोंपैकी एक आकडा मर्यादेबाहेरच दिसतो. अशा वेळी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून खरी दुरुस्ती हाती घ्यावी लागते. या दुसऱ्या वायूने नियमाला प्रथमच थोडे दात दिले, ते असे.

खरी दुरुस्ती म्हणजे काय, हे कल्याण-डोंबिवलीच्या गाडीवरूनच पाहणे उचित. ही गाडी सकाळी चोक देऊन सुरू होते. चोक म्हणजे हवेची वाट अडवून किंवा जादा पेट्रोल सोडून मुद्दाम दाट केलेले मिश्रण. थंड इंजिनाला ते लागतेच. इंजिन पुरते तापायच्या आत स्टेशन येते. गाडी दिवसभर पार्किंगमध्ये उभी राहते आणि रात्री पुन्हा तोच प्रवास. इंजिन पूर्ण तापमानाला कधी पोहोचतच नाही. म्हणून प्लगवर काजळी धरते, सायलेन्सरमध्ये कार्बन साठतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर उभी राहिली, की वाटीतले पेट्रोल उडून जाऊन मागे राहिलेला चिकट थर सर्वांत आधी पायलट जेट बुजवतो. पावसाळ्यात दमट हवा, टाकीच्या झाकणातून झिरपणारे पाणी आणि फिल्टरचा ओला स्पंज यांची भर पडते. हमरस्त्यावर रोज पन्नास किलोमीटर धावणारी त्याच वयाची गाडी यापेक्षा स्वच्छ निघते. जी गाडी कमी वापरली म्हणून मालक निर्धास्त असतो, तीच बहुधा नापास होते.

त्यामुळे जाणकार कारागिराचा क्रम ठरलेला असतो, आणि त्यात स्क्रू सर्वांत शेवटी येतो. आधी एअर फिल्टर, कारण तो तुंबला असेल तर मिश्रण कुठल्याही स्क्रूने सुधारत नाही. मग प्लग, त्याची फट, आणि जुन्या बुलेटसारख्या गाडीत कॉन्टॅक्ट पॉइंटची फट व ठिणगीची वेळ. मग कार्ब्युरेटर उतरवून पायलट जेटमधून हवेचा झोत; तारेने टोचायचे नाही, कारण छिद्र तसूभर मोठे झाले तरी तो जेट कायमचा बिघडतो. वाटीतील फ्लोटची पातळी. चोकची केबल पूर्ण परत येते की नाही. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर आहे का, कारण तिथून चोरून शिरणारी हवा सगळा हिशेब चुकवते. टू-स्ट्रोक असेल तर तेलपंपाची केबल आणि सायलेन्सरच्या आतील जाळीवरचा कार्बन. फोर-स्ट्रोक असेल तर टॅपेट, आणि तेल जळत असेल तर रिंगा.

हे सारे झाल्यावर गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून, पुरती तापवून केंद्रावर न्यायची. तेथे सायलेन्सरचा सांधा फुसफुसत नसावा. बाहेरची हवा आत शिरली तर धूर विरळ होऊन आकडे खोटेच खाली येतात. ती गाडी स्वच्छ ठरत नाही, फक्त मोजमाप चुकते. उपकरण अवरक्त किरणांचा वापर करते : प्रत्येक वायू विशिष्ट तरंगलांबीचे किरण शोषतो, त्यावरून त्याचे प्रमाण कळते. नळी सायलेन्सरमध्ये पुरेशी खोल गेली नाही, तरीही हाच दोष उद्भवतो.

याच्या उलट दुसरी रीत, आणि तीही तितकीच जुनी. केंद्रापासून थोड्या अंतरावर स्क्रू पातळ बाजूला फिरवायचा, स्लो थोडा वाढवायचा, प्रमाणपत्र घ्यायचे आणि परत येताना स्क्रू होता तिथे आणायचा. तशा पातळ मिश्रणावर गाडी रोज चालवता येत नाही. सिग्नलला बंद पडते, सकाळी दहा किका मागते, इंजिन तापते. म्हणजे प्रमाणपत्र एका गाडीचे आणि रस्त्यावर धावते दुसरीच. याहून सोपी तिसरी रीतही होती : गाडी न नेताच कागद आणायचा.

ही तिसरी रीत इतकी वर्षे टिकली, याला एक प्रशासकीय कारण होते. नापास गाडीचा कागदच निघत नसे. उत्तीर्ण झाली तर प्रमाणपत्र. नाही झाली तर गाडी निघून गेली, जणू आलीच नव्हती. आधी तपासणी संगणकावर आली, नंबरप्लेटचे छायाचित्र आणि देशभरच्या वाहन नोंदणीशी जोडणी आली. मग जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने देशभर एकच नमुना लागू केला, त्यावर क्यूआर कोड दिला, आणि प्रथमच ‘नकार पावती’ निर्माण केली. नापास गाडीला आता तसा लेखी दाखला मिळतो आणि तो दाखवून गाडी दुरुस्त करता येते. नियम ११५ च्या इतिहासात ही पावती ४.५ टक्क्यांच्या आकड्याइतकीच महत्त्वाची मानावी लागेल, जरी तिची चर्चा फारशी झाली नाही. संगणकानेही सगळे सुधारले असे नाही : दिल्लीविषयीच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात, जो एप्रिल २०२५ मध्ये सभागृहात मांडला गेला, मर्यादेबाहेरचे आकडे नोंदलेले असूनही एक लाखाहून अधिक गाड्यांना प्रमाणपत्रे दिली गेल्याचे आढळले.

दंडाचे गणितही बदलले. दुचाकीच्या तपासणीचे शुल्क महाराष्ट्रात २०२२ मध्ये ३५ रुपयांवरून ५० झाले. प्रमाणपत्र नसल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीने १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये पीयूसीशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये असा आदेश दिला होता. त्याचा परिणाम उलटाच झाला, पीयूसी नसलेल्या गाड्या विम्यावाचूनही धावू लागल्या आणि अपघातग्रस्तांना भरपाई मिळेना. म्हणून जुलै २०२४ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली.

ठाण्याच्या एमएच-०४ आणि कल्याणच्या एमएच-०५ गाड्यांना दिल्लीसारखी वयाची बंदी नाही. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी रस्त्यावरून हटवण्याचे आदेश झाले. महाराष्ट्राने कराचा मार्ग धरला. २०१० च्या सुमारास पंधरा वर्षांपुढील दुचाकीला पाच वर्षांसाठी २,००० रुपये पर्यावरण कर लागू झाला. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचे. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये, आणि वीस वर्षांपुढील मोटारसायकलीला ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २,००० रुपये. प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी गाडी निरीक्षकापुढे उभी करावी लागते आणि वैध पीयूसी लागतेच. ‘व्हिंटेज’ म्हणून सवलत मागावी, तर २०२१ च्या नियमांनुसार गाडी पन्नास वर्षांची हवी. सर्वांत जुनी आरएक्स १०० ते वय गाठेल २०३५ मध्ये.

ज्या डोंबिवलीच्या औद्योगिक पट्ट्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात ७८.४१ गुण मिळून ‘अतिप्रदूषित’ शिक्का बसला, जेथे २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडल्याच्या आणि २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाल्याच्या बातम्या आल्या, त्या गावात एका जुन्या मोटारसायकलीच्या पायलट जेटची एवढी झडती कशाला, असा प्रश्न तेथील मालक विचारतात. प्रश्नात तथ्य आहे, पण उत्तरही त्याच गावात आहे. डोंबिवली रेल्वेने पूर्व-पश्चिम अशी चिरलेली. कोपर पूल सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाला तो दोन वर्षांनी उघडला. कल्याणचा जुना पत्रीपूल २०१८ मध्ये पाडल्यावर नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. त्या काळात, आणि दिव्याच्या फाटकावरही, शेकडो दुचाक्या इंजिन चालू ठेवून एकमेकींच्या सायलेन्सरमागे उभ्या राहत. मंद चालणाऱ्या इंजिनाची चाचणी अपुरी खरी. पण या शहरांतला माणूस धूर गिळतो तो बहुतांशी उभ्या गाड्यांचाच. लॉस एंजेलिसच्या मुक्त मार्गांपेक्षा ही चाचणी कल्याण-शीळ रस्त्याला अधिक लागू पडते, हा योगायोगच म्हणायचा.

अलीकडे या जुन्या समीकरणात इथेनॉल शिरले आहे. पेट्रोलमधील दहा टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट देशाने जून २०२२ मध्ये गाठले, वीस टक्क्यांचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून येऊ लागले. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे जेट तेच ठेवले तरी मिश्रण आपोआप पातळ होते आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा उतरतो. इंजेक्शनची नवी गाडी सेन्सरच्या साह्याने हे सावरून घेते, कार्ब्युरेटरला ते कळतच नाही. म्हणून हल्ली जुनी गाडी पहिल्या वायूत सहज सुटते आणि दुसऱ्यात अडकते. इथेनॉल पाणी शोषते, कोकणच्या पावसात ते तळाशी वेगळे साठते, आणि जुन्या रबरी वॉशर व नळ्या त्याने फुगतात वा चिरतात. चाळीस वर्षे हवा वाढवण्यासाठी फिरवलेला स्क्रू आता काही गाड्यांत प्रथमच उलट दिशेने, मिश्रण दाट करण्यासाठी फिरवावा लागतो आहे.

कारखान्यांच्या बाजूने ही गोष्ट १ एप्रिल २०२० रोजी जवळपास संपली. बीएस-६ आल्यावर नव्या गाड्यांत इंजेक्शन आले. फक्त बजाजच्या पल्सर १२५ सारख्या काही छोट्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटर टिकला. रस्त्यावर मात्र ती इतक्यात संपणार नाही. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला तेव्हा देशभर अशा सुमारे आठ लाख गाड्या पडून होत्या, त्यांतील बहुतेक दुचाक्या. पुढच्या दोन दिवसांत विक्रेत्यांनी मोठ्या सवलती देऊन त्या विकल्या. शोरूमबाहेर रांगा लागल्या. त्या रांगांत घेतलेल्या बहुतेक गाड्यांच्या बगलेला तोच पितळी स्क्रू आहे, आणि त्यांच्या नोंदणीची पंधरा वर्षे भरतील ती २०३२ च्या मार्च-एप्रिलमध्ये.